गार झालेलं गाजर

(वडिलांच्या घरातलं स्वयंपाकघर. दुपारचे पावणेतीन. टेबलावर हॉस्पिटलचा एक छापील कागद आणि पेन.)

भाऊ: ताई, ती ताटली खाली ठेव. घासू नकोस म्हटलं ना.

ताई: अरे, सोमवारची उष्टी ताटली आहे. आज शुक्रवार. वास यायला लागलाय.

भाऊ: येऊ दे. मी रोज इथे येतो, ती ताटली बघतो, स्वतःला चार शिव्या घालतो आणि हॉस्पिटलात जातो. तेवढी माझी शिक्षा मला भोगू दे. नळ बंद कर.

ताई: केला. झालं?

भाऊ: ओट्यावरून इकडे आण. टेबलावर ठेव. हां.

ताई: आणि हा कागद? सही झाली नाही अजून?

भाऊ: पेन तीन वेळा उचललं. चार वाजता डॉक्टरबाई फेरीला येतात, त्याआधी द्यायचाय. उद्या सकाळी अण्णांच्या पोटाला भोक पाडून नळी बसवणार. मग सगळं नळीतून. तोंडाने काही म्हणजे काही नाही.

ताई: कायमचं?

भाऊ: कायमचं. त्या म्हणाल्या, ‘अर्धांगाचा झटका आल्यापासून पातळ गिळता येत नव्हतं, ते आपल्याला माहीत होतं. म्हणून घट्ट देत होतो. आता घट्ट खातानाही छातीत गेलं, म्हणजे गिळणंच संपलं.’ माझ्याच हातून झालं ना ते.

ताई: तुझ्या हातून काही झालेलं नाही.

भाऊ: तू नव्हतीस तिथे. मला सांगू नकोस.

ताई: मग तू सांग. नीट, पहिल्यापासून सांग.

भाऊ: किती वेळा सांगू? डॉक्टरला सांगितलं, नर्सला सांगितलं, आमच्या हिला सांगितलं. ती तर त्या दिवसापासून माझ्याशी धड बोलत नाही. म्हणते, ‘दोन मिनिटं फोन नसता घेतला तर काय गिऱ्हाईक पळून जाणार होतं?’ बरोबरच आहे तिचं.

ताई: मला एकदा सांग. मी विचारलेलंच नाही तुला.

भाऊ: हो, ते मात्र खरं. चार दिवसांत एकदाही विचारलं नाहीस. मला वाटलं, माझी कीव येते म्हणून विचारत नाहीस.

ताई: सांग ना रे.

भाऊ: साडेबाराला अण्णांना खुर्चीत बसवलं. पाठीला उशी, हनुवटी खाली, सगळं शिकवल्याप्रमाणे. तू दिलेल्या डब्यातले तुकडे काढले. बर्फासारखे टणक होते. वाफेवर दहा मिनिटं ठेव म्हणालीस, ठेवले. आणि काय सांगू तुला, झाकण उघडलं तर गाजराचं गाजर! टोकदार, रेषा असलेलं. वाटाण्याचे वाटाणे. बटाट्याची फोड. बोटाने दाबलं तर लोण्यासारखं मऊ, पण आकार सोडत नाही. मी ताटलीत मांडले, अण्णांसमोर ठेवले.

ताई: मग?

भाऊ: ते बघतच राहिले. सात महिने नुसता लगदा खाल्लेला माणूस. सकाळी पांढरा लगदा, दुपारी हिरवा लगदा. डावा हात गाजराला लावला आणि हसले. अर्ध्या तोंडाने हसतात ना आता, तसे. म्हणाले, ‘गा... जर.’ मी म्हटलं, ‘हो, तुमच्या लेकीने कारखान्यात केलंय.’ तर म्हणाले, ‘हु... शार.’ ताई, रडतेस काय?

ताई: नाही. पुढे.

भाऊ: पुढे काय. मी चमचा उचलला तर माझ्या हातावर चापट मारली. मी स्वतः खाणार म्हणे. मग काय, डाव्या हाताने एक घास तोडायचा, तोंडात घालायचा, गिळायचा, मग दम खायचा. खिडकीबाहेर बघायचं. समोरच्या स्टॉपवर बस आली की तिचा नंबर बघायचा. मग पुढचा घास.

ताई: किती वेळ?

भाऊ: काय किती वेळ?

ताई: जेवायला किती वेळ लागला?

भाऊ: पन्नास मिनिटं तर सहज. रोजच लागतात. मी भरवलं तर चाळीस.

ताई: रोज?

भाऊ: मग तुला काय वाटलं?

ताई: माझ्या डोक्यात अण्णा म्हणजे सात मिनिटं. आठवतं? शेवटच्या स्टॉपवर बस लावायची, डबा उघडायचा आणि सात मिनिटांत साफ करून परत गिअर टाकायचा. सुट्टीच्या दिवशीसुद्धा आपण पहिला घास घेईपर्यंत हे हात धुवायला उठलेले असायचे.

भाऊ: ते अण्णा गेले, ताई. आता जे आहेत त्यांना एका वाटाण्याला तीन मिनिटं लागतात.

ताई: ताटली मध्ये गरम केलीस?

भाऊ: विचारलं. अर्धं झाल्यावर विचारलं, ‘गार झालं असेल, पुन्हा वाफ देऊ का?’ ताटली छातीशी ओढून धरली त्यांनी. म्हटलं जाऊ दे, खातायत ना मजेत. संपत आलं तेव्हा फोन वाजला. तो हॉलच्या भिंतींना माझ्याकडून कागद लावून घेणारा, तीन दिवस मागे लागलेला. मी दारापर्यंत गेलो फक्त. दोन मिनिटं. आणि मागून तो आवाज आला. ठसका नाही गं, गुळण्या केल्यासारखा. वळून बघतो तर अण्णा जांभळे पडलेले.

ताई: बस. पुरे.

भाऊ: त्या फोनचं तोंडसुद्धा बघितलेलं नाही मी तेव्हापासून. त्या खणात बंद करून टाकलाय. गिऱ्हाइकं बोंबलत असतील. बोंबलू दे.

ताई: फोनमुळे नाही झालं ते.

भाऊ: तू पुन्हा सुरू करू नकोस हां.

ताई: शेवटचे तुकडे कसे होते? ठसका लागला तेव्हा ताटलीत जे उरलं होतं ते?

भाऊ: कसे म्हणजे? चेपले होते अण्णांनी. चमच्याने सगळं एकत्र केलं होतं. ही बघ ना ताटली, सगळीकडे पसरलंय. थांब.

ताई: काय?

भाऊ: हे बघ. नखाने उचललं तर पापुद्रा निघतोय. पारदर्शक, काचेच्या कागदासारखा. रंग खाली राहिला आणि वर हा पापुद्रा.

ताई: वाळलंय ते.

भाऊ: लगदा वाळला की खपली धरते, ताई. सात महिने ताटल्या खरवडतोय मी. असा पापुद्रा कधी आला नाही. पण मी हा ओळखतो. माझ्या बादलीच्या काठावर रोज संध्याकाळी असाच असतो. ही खळ आहे. भिंतीला कागद लावायची खळ.

ताई: खळ नाही. जात तीच आहे.

भाऊ: म्हणजे?

ताई: म्हणजे तुझ्या खळीची पूड आणि आमची पूड एकाच घराण्यातली. सेल्युलोज. लाकडाच्या लगद्यातून, कापसातून काढतात. तुझी भिंतीसाठी, आमची खाण्याच्या प्रतीची. खाल्ली तर काही अपाय नाही. आइस्क्रीममध्ये असते, औषधाच्या गोळ्यांत असते.

भाऊ: तू अण्णांना माझी खळ खायला घातलीस?

ताई: सांगितलं ना, अपाय नाही तिचा. गाजराचा लगदा असतो, त्याला कणा नसतो. ती घातली की वाफेवर त्याला कणा येतो. आकार धरतो, तरी जिभेने दाबला की मोडतो. दीड वर्ष खपलेय मी त्याच्यावर.

भाऊ: थांब, थांब. माझी खळ मी गार पाण्यात कालवतो. एकदा घाईत गरम पाण्यात टाकली होती, तर वर नुसतं पाणी आणि खाली पूड बसलेली. दुपारी गार झाल्यावर मग ती जमली. गरम पाण्याशी हिचं जमत नाही.

ताई: तेच तर. गरम झाली की ती पाण्याला सोडते आणि आपली आपल्यालाच धरून बसते. म्हणून वाफेवर घट्ट होतं. बाकीचे पदार्थ गार झाल्यावर आळतात. हा गार झाला की...

भाऊ: की काय?

ताई: सुटतो.

भाऊ: सुटतो म्हणजे माझ्या खळीसारखा होतो? दाट, चिकट?

ताई: दाट राहिला असता तरी चाललं असतं. पण तुझ्या खळीसारखी जड पूड घातली की तोंडात चिकटा येतो, म्हणून मी सगळ्यात हलकी घेतली. गार झाली की ती पातळच होते.

भाऊ: पातळ. पाण्यासारखी?

ताई: थोडी दाट. पाण्याच्या जवळ.

भाऊ: म्हणजे अण्णांनी चेपलं नव्हतं.

ताई: नाही.

भाऊ: ताटली छातीशी धरली होती त्यांनी. मग चमच्याने नाही, उरलेलं ताटलीला तोंड लावून प्यायले असणार. बाप रे. ताई, हे तुला कधी कळलं?

ताई: मला आधी सगळं सांगू दे.

भाऊ: कधी कळलं, ते सांग.

ताई: मंगळवारी. कामावर गेल्या गेल्या एक तुकडा वाफवला आणि प्रयोगशाळेच्या खिडकीत ठेवून दिला. घड्याळ लावून समोर उभी राहिले. विसाव्या मिनिटाला कडा ओल्या झाल्या. पंचविसाव्याला टोक गेलं. पस्तिसाव्या मिनिटाला गाजर नव्हतं, बशीत केशरी पाणी होतं.

भाऊ: मंगळवारी! आणि आज शुक्रवार! तीन दिवस मी स्वतःला खातोय. बायको तोंड फिरवून झोपते. अण्णांच्या नाकात नळी, हाताला सुया, आणि मी त्या पलंगाशी बसून त्यांची माफी मागतोय. तू माझ्या शेजारी उभी होतीस बुधवारी! माझ्या खांद्यावर हात ठेवलास!

ताई: हो.

भाऊ: लाज नाही वाटली?

ताई: वाटली. म्हणून तर तोंड उघडलं नाही. हसू नकोस, खरं सांगतेय. आणि भीतीही वाटली. तो माल पास झालेला नव्हता. कारखान्याबाहेर काढायलाच बंदी आहे. मी माझ्या जेवणाच्या डब्यात लपवून आणला. ते हॉस्पिटल आमचं गिऱ्हाईक आहे, पेशंटचं मऊ जेवण आमच्या कारखान्यातूनच घेतं. त्यांच्या कागदावर एक ओळ आली की एकोणीस वर्षांची नोकरी गेली.

भाऊ: मग लपवून आणलास कशाला? कुणी सांगितलं होतं?

ताई: कुणी नाही. अण्णांना बघवत नव्हतं. तो लगदा समोर आला की मान फिरवायचे, तू सांगायचास ना. मला वाटलं, पहिला घास त्यांनी खावा. आणि खरं सांगू? माझं कौतुक व्हावं असंही वाटलं.

भाऊ: तपासला नव्हतास? एवढी मोठी प्रयोगशाळा तुमची.

ताई: शंभर वेळा तपासला. काट्याने दाबून, चमचा तिरपा करून, आठ जणांना खायला घालून. सगळे पास. पण वाफेतून काढला की दोन मिनिटांत तपासायचा, असा आमचा नियम. खाणारे सगळे धडधाकट, पुढच्या कामाच्या घाईतले. पन्नास मिनिटं जेवणारा माणूस आमच्याकडे कुणी नाहीच.

भाऊ: घरी होता.

ताई: हो.

भाऊ: एक दिवस बसली असतीस तर कळलं असतं. एकच दिवस. सात महिन्यांत तू एकदा तरी त्यांचं जेवण संपेपर्यंत थांबलीस? येतेस, डबा ठेवतेस, पंख्याखाली उभ्या उभ्या घाम पुसतेस, ‘अण्णा, पोटभर खा हं’ म्हणतेस आणि चालू पडतेस. चप्पलसुद्धा काढत नाहीस कधीकधी.

ताई: बोल. आज काय ते बोल.

भाऊ: आणि आज? आज कशाला आलीस?

ताई: सांगायलाच आले होते.

भाऊ: सांगायला आलीस आणि आल्या आल्या ताटली घासायला घेतलीस.

ताई: घेतली. नळ सोडला तेव्हा मला स्वतःचाच राग आला. तू ‘ठेव’ म्हणालास ते बरं झालं. नाहीतर मी घासली असती आणि तू सही केली असतीस. मी गप्प बसले असते. तेवढी वाईट आहे मी. आता कळलंय मला.

भाऊ: इतका राग आलाय ना तुझा.

ताई: येऊ दे. पण एक ऐक. सोमवारचे पहिले तुकडे नीट गेले?

भाऊ: गेले ना. अर्धं गाजर गेलं, वाटाणे गेले. बसचे नंबर बघत बघत गेले.

ताई: ठसका?

भाऊ: एकही नाही. पहिला अर्धा तास तर... ताई.

ताई: हं.

भाऊ: घट्ट होतं तोवर गेलं. पाणी झालं तेव्हा अडकलं. पाणी तर त्यांना आधीपासूनच जात नव्हतं!

ताई: तेच.

भाऊ: म्हणजे गिळणं संपलेलं नाही!

ताई: नसेल. मी डॉक्टर नाही. पण बाईंना वाटतंय की घट्ट गिळताना गेलं, आणि ते तसं नाही. सही करू नकोस. आधी त्यांना खरं सांगायला हवं.

भाऊ: वाजले किती?

ताई: तीन वीस. नंबर आहे तुझ्याकडे?

भाऊ: माझ्या फोनमध्ये आहे. थांब, खण उघडतो. चालू तरी होतोय का... झाला. अठ्ठेचाळीस मिसकॉल. हा घे. लागलाय.

ताई: मी बोलू?

भाऊ: मग काय मी? तूच बोल. आणि आवाज मोठा ठेव, मला ऐकायचंय.

डॉक्टर: हॅलो. कागद आणताय ना? मला वरच्यांना कळवायचंय.

ताई: डॉक्टर, मी त्यांची मुलगी बोलतेय. भाऊ सही करत नाहीये. मी थांबवलंय त्याला. सोमवारचं जेवण मी तयार केलं होतं. ते गरम असताना घट्ट होतं आणि गार झाल्यावर पातळ झालं. त्यांना जेवायला पन्नास मिनिटं लागतात. ठसका लागला तेव्हा ताटलीत घट्ट काहीच उरलं नव्हतं.

डॉक्टर: हे तुम्ही आत्ता सांगताय? चार दिवसांनी?

ताई: हो.

डॉक्टर: खात्री आहे?

ताई: घड्याळ लावून तपासलंय. पस्तीस मिनिटांत पाणी होतं. ताटली अजून इथे आहे, घेऊन येते.

डॉक्टर: आणा. हे बघा, यावरून गिळणं शाबूत आहे असं मी म्हणणार नाही. पण ज्या भरवशावर मी निर्णय घेतला होता, तो राहिला नाही. नळी सोमवारपर्यंत थांबवते. नाकातली आहेच. ताप उतरलाय, तर उद्या साडेबाराला आमच्याकडचं घट्ट देऊन बघू. तीन चमचे. ते जेवण कुठून आलं ते मला कागदावर लिहावं लागेल.

ताई: लिहा. मी तुम्हाला माल पुरवणाऱ्या कारखान्यात आहे, तिथून. पास झालेलं नव्हतं. मी न सांगता आणलं.

डॉक्टर: याचे परिणाम तुम्हाला कळतायत ना?

ताई: कळतायत. तिथे मी स्वतःच आज सांगणार आहे. तो माल मी अडवलाय, पण खोटं कारण देऊन अडवलाय. कोणीतरी उद्या सोडून देईल.

डॉक्टर: ठीक. उद्या तीन चमच्यांनंतर त्यांना अर्धा तास तसंच बसवून ठेवायचं. समोर घरचं माणूस हवं, ठसका येतो का, आवाज ओला होतो का ते बघायला. एकालाच आत सोडते. नाव सांगून ठेवा. भाऊच येणार ना, नेहमीचे?

ताई: हो, तोच...

भाऊ: डॉक्टर, मी त्यांचा मुलगा. उद्या ताई येईल.

डॉक्टर: त्यांनी आधी भरवलंय?

भाऊ: नाही. मी शिकवतो.

डॉक्टर: बरं. साडेबारा म्हणजे साडेबारा. ठेवते.

ताई: अरे, असं काय केलंस? मला नाही जमणार. मी त्यांना कधी भरवलेलंच नाही.

भाऊ: मला तरी कुठे येत होतं? मला कोणी विचारलं होतं? बस इथे. खुर्ची ओढ. चप्पल काढ आधी.

ताई: काढली.

भाऊ: चमचा अर्धाच भरायचा. उजवा गाल ढिला आहे, डाव्या बाजूने द्यायचा. वरून नाही, समोरून. तू अशी उभी राहून दिलास तर ते मान वर करतात आणि घोटाळा होतो. बसून द्यायचा.

ताई: बसून. डावीकडून.

भाऊ: गळ्यावरच्या उंचवट्याकडे, घाटीकडे बघायचं. घाटी एकदा वर जाते, पण ती फसवी असते. दुसऱ्यांदा गेली की गेला घास. तोवर पुढचा चमचा भरायचासुद्धा नाही, नाहीतर ते घाई करतात. ड्रायव्हरच शेवटी.

ताई: दुसऱ्यांदा गेली की. बरं. आणि बोलायचं का त्यांच्याशी?

भाऊ: घास तोंडात असताना अजिबात नाही. तू बोललीस की ते उत्तर द्यायला जातात. तुझ्याशी तर जातीलच, एवढ्या दिवसांनी समोर दिसल्यावर.

ताई: तू माझ्याशी बोलणार आहेस का, यानंतर?

भाऊ: आत्ता बोलतोय तेवढं पुरे आहे. पुढचं मला माहीत नाही, ताई. ती ताटली पेपरात गुंडाळ, तशीच. चल, चारच्या आत पोचायचंय.

ताई: आणि तीन चमचे झाले की?

भाऊ: अर्धा तास.

ताई: तेवढा वेळ काय करायचं मी?

भाऊ: काही नाही. बसायचं.